फी भागिले तास: इंजिनिअरिंगचा एक तास कितीला पडतो?

(हे या एपिसोडचं लेखी रूप. बोलताना झालेली पुनरावृत्ती काढली आहे, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय. लोकलमध्ये, बसमध्ये उभ्याने ऐकताना आकडे निसटतात, म्हणून गणितं इथे सावकाश बघा.)

आजचा विषय मी निवडलेला नाही, तो एका व्हॉइस नोटमधून आलाय. पाठवणारा सेकंड इयर इंजिनिअरिंगला आहे. नाव, गाव, कॉलेज काही सांगत नाही, त्याने तशी विनंती केली आहे. तो म्हणतो, "दादा, आमच्या टाइमटेबलवर आठवड्याला चोवीस तास आहेत. प्रत्यक्षात पंधरा-सोळा होतात. बाकी वेळ आम्ही कँटीनला नाहीतर रूमवर. माझी अर्धी ट्युशन फी शिष्यवृत्तीत जाते. उरलेली फी आणि हॉस्टेल-मेस यासाठी बाबांनी पतसंस्थेतून कर्ज काढलंय. रात्री फोनवर ते विचारतात, आज काय शिकवलं? मी काहीतरी सांगतो. म्हणजे खोटंच सांगतो. मला एवढंच सांगा, एवढ्या तासांसाठी एवढी फी बरोबर आहे का?"

मी ही नोट तीनदा ऐकली. कारण 'फी जास्त आहे' असं सगळेच म्हणतात, पण 'किती तासांसाठी किती फी' असा हिशोब मांडून कोणी विचारत नाही. चला, आज मांडूच. महाराष्ट्रातल्या खासगी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजचं उदाहरण घेऊ, कारण मी त्यातूनच बाहेर पडलोय आणि ऐकणाऱ्यांपैकी बरेच जण सध्या त्यात आहेत.

आधी कागदावरचं गणित

एआयसीटीईने २०१८ मध्ये जो मॉडेल अभ्यासक्रम आणला, त्यात चार वर्षांच्या बी.टेक.साठी १६० क्रेडिट ठेवली. आठ सेमिस्टर, म्हणजे सेमिस्टरला सरासरी २० क्रेडिट. आता एक क्रेडिट म्हणजे किती तास? आठवड्याला एक तास लेक्चर किंवा ट्युटोरियल असेल तर एक क्रेडिट. प्रॅक्टिकलचं मात्र निम्मं. दोन तास लॅबमध्ये घालवले की एक क्रेडिट.

समजा २० पैकी १६ क्रेडिट लेक्चर-ट्युटोरियलची आणि ४ प्रॅक्टिकलची. मग आठवड्याला १६ तास वर्गात आणि ८ तास लॅबमध्ये. एकूण २४. आपल्या मित्राच्या टाइमटेबलवर बरोबर हाच आकडा आहे.

वर्षात किती आठवडे? यूजीसीचा नियम किमान १८० शिकवण्याच्या दिवसांचा आहे. सहा दिवसांचा आठवडा धरला तर ३० आठवडे, म्हणजे सेमिस्टरला १५.

२४ तास × ३० आठवडे = वर्षाला ७२० तास.

फी आपण गणितापुरती १,२०,००० धरू. तुमची कमी असेल, जास्त असेल, तुम्ही तुमचा आकडा टाका.

१,२०,००० ÷ ७२० = तासाला साधारण १६७ रुपये.

हे झालं कागदावर. आता मित्राचा हिशोब. आठवड्याला १६ तास. आणि सेमिस्टरचे १५ आठवडे कुठे पूर्ण होतात? ॲडमिशनचे राउंड लांबले, गॅदरिंग झालं, टेक्निकल फेस्ट झाला, सबमिशनचा आठवडा गेला. १२ धरू.

१६ × १२ × २ = ३८४ तास. १,२०,००० ÷ ३८४ = तासाला ३१२ रुपये.

म्हणजे फीचा आकडा तोच राहिला आणि तासाचा भाव जवळजवळ दुप्पट झाला. किराणा दुकानदाराने किलोच्या पिशवीत अर्धा किलो भरला तर आपण भांडतो. इथे आपण 'ऑफ लेक्चर' म्हणून टाळ्या वाजवतो. मीसुद्धा वाजवल्यात.

पण थांबा, हा भागाकार पूर्ण बरोबर नाही

हा भागाकार करून मोकळं होणं सोपं आहे. मी स्वतः बरीच वर्षं कट्ट्यावर हेच गणित सांगायचो. अडचण अशी की त्यात विद्यार्थ्याचे तास मोजलेत, शिक्षकाचे नाहीत. आणि कॉलेजचा पैसा खर्च होतो तो शिक्षकाच्या तासांवर.

६० जणांचा वर्ग घ्या. १६ तास लेक्चर, सगळे एकत्र. म्हणजे शिक्षकांचेही १६ तास. पण लॅबमध्ये ६० जण एकत्र मावत नाहीत, २०-२० च्या तीन बॅच होतात. तुम्ही ८ तास लॅबमध्ये असता, पण तीन बॅचसाठी शिक्षकांचे २४ तास लागतात.

१६ + २४ = आठवड्याला ४० शिक्षक-तास.

तुम्हाला २४ तास दिसतात, त्यामागे ४० असतात. आता गंमत बघा. एखाद्या कॉलेजने चार तास लेक्चर कमी करून त्याऐवजी चार तास लॅब वाढवली, तर तुमचे तास २४ च्या २४ राहतात. शिक्षकांचे मात्र ४० वरून ४८ होतात. कॉलेजला शिक्षण महाग पडलं आणि तुम्हाला चांगलं मिळालं. याच्या उलट, साठ-सत्तर जणांना एका हॉलमध्ये बसवून पीपीटी वाचून दाखवली, तर तास भरपूर भरतात आणि खर्च जवळजवळ काहीच होत नाही.

म्हणून 'आमच्याकडे आठवड्याला तीस तास शिकवतात' असं कोणी अभिमानाने सांगितलं, तर लगेच हुरळून जाऊ नका. तीस तास किती जणांच्या गर्दीत, हे विचारा.

आणखी एक गोष्ट या भागाकारात बसत नाही. शिक्षकाचा वर्गातला एक तास हा फक्त एक तास नसतो. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार पूर्णवेळ शिक्षकाचा आठवडा ४० तासांचा. त्यात प्रत्यक्ष शिकवण्याचे तास असिस्टंट प्रोफेसरला १६, त्यावरच्यांना १४. उरलेल्या वेळात तयारी, पेपर तपासणं, प्रोजेक्टचं मार्गदर्शन, संशोधन आणि तुमच्या शंका. निदान अपेक्षा तरी तशी आहे. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी तो वेळ नॅकच्या आणि एनबीएच्या फायली, ॲडमिशन ड्युटी आणि परीक्षेच्या कामात जातो. केबिनबाहेर 'सर आहेत का?' विचारत फिरलेल्या कोणालाही हे सांगायला नको.

मग पैसे जातात कुठे?

६० जणांचा वर्ग, प्रत्येकी १,२०,०००. एका वर्गाचे वर्षाला ७२ लाख.

या वर्गासाठी किती शिक्षक लागतात? एआयसीटीईचं प्रमाण पूर्वी १५ विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक होतं, म्हणजे ६० जणांना चार. २०१८ मध्ये ते २० मागे एक असं शिथिल केलं. म्हणजे तीन. कागदावर एक बारीकसा बदल, पण प्रत्येक वर्गामागे एक शिक्षक कमी.

आता पगार. सातव्या वेतन आयोगात असिस्टंट प्रोफेसरचं सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० रुपये आहे. महागाई भत्ता, घरभाडं धरलं तर महिन्याला लाखाच्या आसपास जातं, वर्षाला १२ लाख. तीन शिक्षकांचे ३६ लाख. म्हणजे ७२ लाखांतला अर्धा पैसा थेट शिकवण्यात गेला. चार शिक्षक ठेवले तर ४८ लाख, दोन तृतीयांश.

पण समजा कॉलेज महिन्याला ५० हजारच देतं. वर्षाला सहा लाख, तिघांचे १८ लाख. म्हणजे फक्त एक चतुर्थांश.

बघा, तीच फी, तेच टाइमटेबल, तेवढेच तास. एका ठिकाणी रुपयातले पन्नास पैसे शिकवणाऱ्याला, दुसऱ्या ठिकाणी पंचवीस. ५० हजारवाले सर चांगली ऑफर आली की सेमिस्टरच्या मध्यात निघून जातात. मग तो विषय कोण घेणार? तिथूनच तुमचे २४ तासांचे १६ व्हायला सुरुवात होते. लेक्चर न होण्यामागे बरेचदा कोणा एका सरांचा आळस नसतो, वर्षाच्या सुरुवातीला केलेली ही काटकसर असते.

बाकीचा पैसा सगळा वाया जातो असं मी म्हणत नाही. लॅब असिस्टंट, ग्रंथपाल, लाइट बिल, सॉफ्टवेअरचं लायसन्स, विद्यापीठाचं संलग्नता शुल्क, मशिनरीची झीज, इमारतीची डागडुजी, सगळं त्यातूनच. वर्कशॉपमधलं लेथ मशीन तुम्ही पहिल्या वर्षी चार वेळा वापरता, पण ते वर्षभर तिथे उभं ठेवावं लागतं. इंजिनिअरिंग स्वस्तात शिकवता येत नाही, हे कॉलेजचं म्हणणं खरं आहे. प्रश्न वाट्याचा आहे.

फी ठरवतं कोण?

इथे जरा इतिहास लागेल, दोन मिनिटं द्या.

१९८३ मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना महाराष्ट्रात विनाअनुदानित खासगी इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली. तोपर्यंत जागा मोजक्या, आणि आपली पोरं कर्नाटकात डोनेशन भरून शिकायला जायची. कॉलेजं इथेच निघाली, खेड्यापाड्यातली मुलं इंजिनिअर झाली. त्याबरोबर कॅपिटेशन फीही इथे आली, आणि तिच्यावर बंदी घालणारा कायदा राज्याला १९८७ मध्ये करावा लागला.

पुढे सुप्रीम कोर्टात मोठे खटले झाले. २००२ चा टी.एम.ए. पै, २००३ चा इस्लामिक ॲकॅडमी, आणि २००५ चा पी. ए. इनामदार विरुद्ध महाराष्ट्र सरकार. त्यातून जे तत्त्व पक्कं झालं ते साध्या भाषेत असं: संस्थेला स्वतःची फी ठरवायचा हक्क आहे, वाढीसाठी थोडी वाजवी शिल्लकही ठेवता येईल, पण नफेखोरी आणि कॅपिटेशन फी चालणार नाही.

याच तत्त्वावर महाराष्ट्राचा २०१५ चा कायदा आहे, आणि त्याखाली शुल्क नियामक प्राधिकरण काम करतं, ज्याला आपण एफआरए म्हणतो. कॉलेज आपला खर्च दाखवतं, पगार, देखभाल, झीज वगैरे. प्राधिकरण तो तपासून फी मंजूर करतं. (ही चौकट विनाअनुदानित कॉलेजांची. अभिमत विद्यापीठांची फी वेगळ्या वाटेने ठरते, त्यात आज जात नाही.)

आता आपल्या मित्राच्या प्रश्नाकडे या. त्याचा प्रश्न तासांचा आहे. पण फी ठरते खर्चावरून. एखाद्या सेमिस्टरला प्रत्यक्षात ३६० तास झाले की १९२, यावरून फी वरखाली होत नाही. सरांना पगार दिला म्हणजे तो खर्च झाला. सर वर्गात आले की नाही, ही वेगळी गोष्ट.

मी सांगितलं की २०१८ मध्ये क्रेडिट १६० वर आणली. त्याआधी बऱ्याच ठिकाणी तो आकडा २०० च्या आसपास होता. म्हणजे शिकवायचं ओझं जवळपास पाचव्या हिश्शाने कमी. फी पाचव्या हिश्शाने कमी झाल्याचं तुम्ही कधी ऐकलंत? नाही ना. या पद्धतीत तसं होण्याची सोयच नाही.

कोरोनाच्या काळात हाच प्रश्न कोर्टात वेगळ्या रूपात आला होता. राजस्थानातल्या खासगी शाळांच्या प्रकरणात मे २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने २०२०-२१ च्या वार्षिक फीमध्ये १५ टक्के सवलत द्यायला सांगितलं. तर्क असा की शाळा बंद असताना वीज, पाणी, देखभाल असा काही खर्च वाचला, आणि जी सुविधा मुलांनी वापरलीच नाही तिचे पैसे घेणं योग्य नाही. तो निकाल शाळांचा होता, इंजिनिअरिंगचा नाही. पण त्यातही मोजमाप वाचलेल्या खर्चाचं आहे, हे लक्षात घ्या.

वर्गाबाहेरचे ४८० तास

आता कॉलेजच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा. ते म्हणतील, "पदवी म्हणजे फक्त लेक्चर नाही, विद्यार्थ्याने स्वतः अभ्यास करायचा असतो."

बरोबर आहे, आणि नियमही तसंच म्हणतात. २०२३ च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात वर्षाला ४० क्रेडिट म्हणजे शिकण्याचे १२०० तास धरलेत. आपले १६० भागिले चार, म्हणजे बरोबर ४० क्रेडिट. १२०० पैकी वर्गात आणि लॅबमध्ये ७२०. उरले ४८०. हे तुमचे स्वतःचे.

क्रेडिट कमी करण्यामागचा विचारही हाच होता. पोरांना मोकळा वेळ मिळावा, त्यांनी प्रोजेक्ट करावेत, इंटर्नशिप करावी, स्वतः वाचावं. तेव्हा वर्गातले तास कमी असणं म्हणजे फसवणूक असं नाही.

पण हे ४८० तास आपण कसे घालवतो ते आठवा. जर्नल उतरवून काढणं. एकाची असाइनमेंट साठ जणांत फिरणं. सह्या घेण्यासाठी केबिनबाहेर रांग. एम-थ्रीसाठी बाहेर वेगळा क्लास, त्याची वेगळी फी. आणि पीएल लागली की लोकल ऑथरचं पुस्तक आणि रात्री दोन वाजता 'वन शॉट' व्हिडिओ. याला स्वयंअध्ययन म्हणायचं असेल तर त्यात कॉलेजचा वाटा काय?

स्वयंअध्ययनालाही शिक्षक लागतो. काय करायचं हे सांगणारा, केलेलं तपासणारा, आणि चुकलं कुठे ते दाखवणारा. ज्या कॉलेजात आठवड्याला वीसच तास वर्ग होतात, पण दर पंधरा दिवसांनी तुमचं काम कोणीतरी वाचून त्यावर चार ओळी लिहून परत देतं, त्या कॉलेजची फी मी डोळे झाकून भरीन. ती परत येणारी चार ओळींची शेरेबाजी टाइमटेबलवर कुठेच दिसत नाही, पण त्यामागे शिक्षकाचा खरा वेळ गेलेला असतो.

माझं सांगतो

थर्ड इयरला आमचे थिअरी ऑफ कॉम्प्युटेशनचे सर सेमिस्टरच्या मध्यात नोकरी सोडून गेले. पाच आठवडे तो विषय कोणी घेतलाच नाही. मग दुसऱ्या विषयाचे एक सर आले, पीपीटी वाचून दाखवून गेले. त्यांचीही चूक नव्हती, त्यांचा तो विषयच नव्हता. आम्ही अर्ध्याहून जास्त वर्ग कॉलेजसमोरच्या क्लासला गेलो. एका विषयाचे साडेतीन हजार. घरी सांगितलं, पुस्तकं घ्यायची आहेत. म्हणून त्या व्हॉइस नोटमधलं 'खोटंच सांगतो' मला लागलं. डिफॉल्टर लिस्टमध्ये मात्र त्या न झालेल्या लेक्चरचीही हजेरी मोजलेली होती!

त्याच वर्षी लॅबला एक सर होते. आमची वीस जणांची बॅच. मी कुठूनतरी उचललेला पार्सरचा कोड चालवून दाखवला, आउटपुट बरोबर आलं. मला वाटलं सही मिळणार. सर शेजारी स्टूल ओढून बसले आणि म्हणाले, "चालत नाही तेव्हा सगळेच विचार करतात. हे चालतंय, तर का चालतंय ते सांग." मला सांगता येईना. त्यांनी फाइल डिलीट करायला लावली. पुढचे दोन आठवडे ते दर वेळी वीसेक मिनिटं माझ्याजवळ बसले, मी चुकत गेलो, ते विचारत गेले.

आज नोकरीत कोणाचा कोड तपासताना मी तोच प्रश्न विचारतो. चार वर्षांच्या फीमधून मला खरंच काय मिळालं असं कोणी विचारलं, तर त्या दोन आठवड्यांचं नाव मी सगळ्यात आधी घेईन. वेळ मोजला तर दीड-दोन तास भरेल. तो तासाला १६७ रुपयांत येत नाही, कारण वीस मिनिटं एका मुलाला द्यायची तर बॅच लहान लागते, सर टिकलेले लागतात आणि त्यांच्या डोक्यावर फायली नसाव्या लागतात.

आपल्या बाजूचंही

एकतर्फी बोलायचं नाही. मास बंक कोण मारतं? साठ जणांच्या वर्गात सात डोकी दिसली की सर परत जातात, आणि मग आपणच म्हणतो लेक्चर होत नाहीत. प्रॉक्सी कोण लावतं? हे आपलंही आहे.

कॉलेजची एक अडचणही खरी आहे. राखीव प्रवर्गातल्या आणि ईबीसी सवलतीतल्या विद्यार्थ्यांच्या फीचा वाटा सरकारकडून येतो. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींची ट्युशन आणि परीक्षा फी सरकार पूर्ण भरतं. ही रक्कम उशिरा येते आणि मग पगार रखडतात, असं संस्था सांगतात. पण याचीच दुसरी बाजू अशी की फीचे पैसे फक्त पालकांचे नाहीत, जनतेचेही आहेत. मग तास झाले की नाही हे विचारायचा हक्क फक्त बाबांचा उरत नाही.

करायचं काय?

ज्यांची ॲडमिशन व्हायची आहे त्यांच्यासाठी. कॅप राउंडचा फॉर्म भरताना आपण कटऑफ आणि प्लेसमेंटचं सर्वात मोठं पॅकेज बघतो. त्याऐवजी अर्धा तास हे करा. एआयसीटीई मान्यता असलेल्या कॉलेजला वेबसाइटवर मँडेटरी डिस्क्लोजर द्यावं लागतं. त्यात तुमच्या ब्रांचच्या शिक्षकांची यादी बघा. विद्यार्थी भागिले शिक्षक करा. आकडा २० च्या आत आहे का बघा. मग एफआरएच्या वेबसाइटवर त्या कॉलेजची मंजूर फी बघा आणि कॉलेज मागतंय ती फी ताडून बघा. शेवटी सेकंड किंवा थर्ड इयरच्या दोन विद्यार्थ्यांना गाठा आणि तीनच प्रश्न विचारा. मागच्या सेमिस्टरला किती सर सोडून गेले? लॅबची बॅच किती जणांची? असाइनमेंट तपासून परत मिळते का? यादीतली नावं त्यांना वाचून दाखवा. 'हे सर कोण?' असं उत्तर आलं की समजून जा.

जे आत आहेत त्यांच्यासाठी. ग्राहक मंचात जाऊन पैसे परत मागू, असं बरेच जण म्हणतात. ते अवघड आहे. सुप्रीम कोर्टाने २०१२ च्या पी. टी. कोशी प्रकरणात शिक्षणसंस्था ग्राहक कायद्याच्या अर्थाने सेवा देत नाहीत अशी भूमिका घेतली होती. त्यापेक्षा जवळचा रस्ता आहे. यूजीसीच्या २०२३ च्या नियमांनुसार संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असायला हवी, आणि त्यावर विद्यापीठाचा लोकपाल.

पण तिथे 'शिकवत नाहीत हो' एवढं सांगून भागत नाही. नोंद लागते. वर्गाच्या ग्रुपवर एक साधी शीट बनवा. तारीख, विषय, टाइमटेबलवर होतं का, झालं का. भरायला रोज एक मिनिट. सहा आठवड्यांनी सीआरने ती एचओडींसमोर ठेवायची. आवाज न चढवता, 'सर, या विषयाचे १८ पैकी ७ तास झालेत, भरून कधी काढणार?' एवढंच. मी कंपनीत बघतो, 'सिस्टिम स्लो आहे' म्हटलं की कोणी हलत नाही, लॉग दाखवला की दहा मिनिटांत लोक कामाला लागतात. कॉलेजात दहा मिनिटांत होणार नाही. पण आकडा समोर आला की 'तुम्हीच बंक मारता' म्हणून विषय उडवणं अवघड जातं. आणि हो, आपण मारलेला मास बंकही त्या शीटमध्ये प्रामाणिकपणे लिहायचा.

मित्राला उत्तर

तर तू विचारलंस, एवढ्या तासांसाठी एवढी फी बरोबर आहे का. माझं उत्तर असं. आठवड्याला चोवीस तास हे कमी नाहीत, आणि तेवढ्यासाठी फी असायला माझी हरकत नाही. लॅब लहान असेल, सर टिकत असतील, तुझं काम कोणी वाचत असेल, तर वीस तासही पुरे आहेत. पण चोवीस कबूल करून सोळा देणं, आणि उरलेल्या वेळात तुला कोणी विचारणारही नसणं, याची फी बरोबर नाही. तुझ्या कॉलेजात हे दुसरं चालू आहे असं दिसतंय.

आणि बाबांचं. त्यांना फोनवर खोटं सांगू नकोस. ते हप्ता भरतायत, त्यांना हिशोब कळायला हवा. 'बाबा, आज चारपैकी दोन तास झाले, उरलेल्या दोन तासांत मी लायब्ररीत हे वाचलं' असं सांग. पहिल्या दिवशी त्यांना वाईट वाटेल. पण त्या वाक्याचा दुसरा भाग रोज खरा ठेवायचा म्हटलं तर तुला लायब्ररीत जावंच लागेल. आणि पहिला भाग जर साठ पालकांच्या कानावर रोज गेला, तर पुढच्या पालक सभेत कोणीतरी उभं राहून विचारेलच.

तुमच्या कॉलेजचा आकडा काय येतो? फी भागिले झालेले तास, आणि लॅबच्या बॅचमध्ये किती जण, एवढं मला पाठवा. कॉलेजचं नाव नको. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.